पालथी चरवी

कल्पना करा, नुकतं कुठं फटफटलंय आणि तुम्ही एका दूध संस्थेच्या खिडकीत बसला आहात. बाहेर रांग. प्रत्येकाच्या हातात किटली आणि प्रत्येकाला घाई. कुणाला एमआयडीसीतली पहिली पाळी गाठायची आहे, कुणाचं पोरगं शाळेच्या गाडीसाठी दारात उभं आहे. तुम्ही दूध काट्यावर ओतून घेता, त्यातला वाटीभर नमुना फॅटच्या मशीनला लावता. मशीन आकडा कॉम्प्युटरला सांगतं आणि कॉम्प्युटर पावती बाहेर टाकतो. पावती बघून समोरचा माणूस एक तर हसतो, नाहीतर तुमच्या सात पिढ्यांची चौकशी करतो. आता या कॉम्प्युटरच्या पोटातलं सगळं काढून त्यात दुसरं घालायचं आहे. रांग थांबवायची नाही. दूध नासू द्यायचं नाही. आणि ज्या साहेबांनी हा कॉम्प्युटर फुकट दिला, त्यांचा रागही ओढवून घ्यायचा नाही.

जमेल?

प्रभावती मगदूमला असं कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर ती म्हणाली असती, "जमंल का म्हणून काय इचारताय? करायलाच लागणार हाय."

पंचगंगेचा पूल ओलांडून पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला वडाची वाडी लागते. शहर आता इतकं जवळ आलंय की निम्म्या गोठ्यांची मागची भिंत म्हणजे कुठल्यातरी अपार्टमेंटचं कंपाउंड. तिथल्या भैरोबा दूध संस्थेची प्रभावती सेक्रेटरी. तिचं माहेर निपाणीच्या पलीकडचं. लग्न होऊन आली तेव्हा बोलता बोलता मधेच कन्नड शब्द यायचा आणि गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावायच्या. नवरा तात्यासाहेब बोलायला कमी आणि राबायला जास्त. थोडा ऊस, चार म्हशी. जुने सेक्रेटरी थकले तेव्हा संस्थेला असं माणूस हवं होतं, जे दोन्ही वेळेला खिडकीत बसेल आणि कुणाशी भांडणार नाही. प्रभावती दोन्ही वेळेला बसली. न भांडणं मात्र तिला कधी जमलं नाही.

तरीही बायकांचा तिच्यावर जीव होता. त्याला कारण होतं.

वाडीत म्हैस घराची असते, दूध घराचं असतं आणि बिल कर्त्या पुरुषाच्या नावावर निघतं. शेण काढणारी, वैरण टाकणारी, धार काढणारी बाई असते, पण पावतीवर तिचं नाव नसतं. म्हणून काही बायका संध्याकाळच्या धारेतलं तांब्याभर दूध बाजूला काढून दुसऱ्या नंबरावर घालत. नंबर माहेरच्या नावानं. या रिवाजाला गावात नाव नव्हतं, कारण त्याबद्दल कुणी बोलतच नसे. प्रभावतीला हे नंबर पाठ होते. तांब्या पुढं आला की ती मान वर न करता माप घ्यायची आणि पावतीची घडी करून तांब्यातच टाकायची. तिची स्वतःची सासू अशीच दूध घालत होती, हे तिला सासू गेल्यावर कळलं होतं.

यातलाच एक नंबर आक्काचा. आक्का म्हणजे गल्लीच्या टोकाची, दोन म्हशींची, पांढऱ्या केसांची आणि तिखट जिभेची म्हातारी. माणसाला तोंडावर बोलायची आणि मागं त्याचीच बाजू घ्यायची. रोज सकाळी रांगेत पहिली किटली तिची. प्रभावती खिडकीत नवी होती तेव्हा एकदा वजनात चूक झाली आणि सगळी रांग अंगावर आली. तेव्हा आक्कानं मागं वळून एवढंच म्हटलं होतं, "शिकाली हाय ती. तुम्ही काय आईच्या पोटातनं काटा घिऊन आलासा व्हय?"

मग कॉम्प्युटर आला. भागातल्या साहेबांनी प्रत्येक संस्थेला एक एक वाटला. नारळ फुटला, फोटो निघाले. कॉम्प्युटर सुरू केला की आधी साहेब हात जोडून उभे राहायचे, मग दुधाचं पान उघडायचं. पावतीच्या खालीही साहेबच. निवडणूक लागली आणि आचारसंहितेवाल्यांनी येऊन सांगितलं की चेहरा झाका. गावातला ज्ञानू, जो कुठल्याही कामाला हजर आणि कुठल्याही कामात अडचण, त्यानं स्क्रीनच्या वरच्या अर्ध्यावर वर्तमानपत्र चिकटवलं आणि रांगेला सांगितलं, "साहेब झोपल्यात. हळू बोला."

सगळे हसले. प्रभावतीही हसली. पण कागदामागं साहेब झोपलेले नव्हते.

एका रात्री आक्काच्या घरी जेवणं चालली होती. आक्काकडं स्वतःचा फोन नाही, म्हणून संस्थेत तिनं मुलाचा, विजयसिंहचा नंबर दिला होता. दोन्ही खात्यांना तोच. फोन वाजला. विजयसिंहचे हात खरकटे, म्हणून त्यानं कोपरानंच स्पीकर लावला. साहेबांचा आवाज आला. खणखणीत, सभेतल्यासारखा. "नमस्कार आक्काताई! तुमच्या दोन्ही खात्यांवरचं दूध या महिन्यात वाढलं, मनापासून अभिनंदन! तुमच्यासारख्या कष्टाळू माउलींचा आशीर्वाद..."

पुढचं कुणी ऐकलं नाही. सून ताटाकडं बघत राहिली. विजयसिंह चिडला असता तर आक्कानं त्याला चार शब्द सुनावले असते. तो चिडला नाही. हळूच म्हणाला, "आई, आमच्याकडं मागायला लाज वाटत हुती व्हय तुला?"

दुसऱ्या दिवशी आक्का खिडकीशी आली. हातात किटली नव्हती.

"प्रभावती, दोन नंबराचं तुला ठावं, मला ठावं. तिसरं कोण हुतं?"

"आक्का, देवाशप्पथ, मी कुणाला..."

"देवाला मधी आणू नगंस. त्यो दूध घालत न्हाय हितं." आक्काचा आवाज चढला नाही, आणि प्रभावतीला तेच जास्त लागलं. "तू इकलंस असं मी म्हणत न्हाय. पर तुझ्या खिडकीतनं गेलंय. माझ्या लेकाला वाटलं, आईचा इस्वास न्हाय आपल्यावर. ह्ये आता कोण निस्तरणार?"

त्या दिवसापासून आक्काचं दूध रस्त्याच्या कडेला उभ्या राहणाऱ्या खाजगी गाडीत जाऊ लागलं. रांगेतली पहिली जागा काही दिवस रिकामीच राहायची. माणसं आपोआप एक पाऊल मागं उभी राहत. संध्याकाळचे तांबेही कमी झाले. जे यायचे ते पदराखालून यायचे, आणि ते आणणाऱ्या बायका प्रभावतीच्या डोळ्यांत बघायच्या नाहीत.

प्रभावतीनं प्रोग्राम बसवणाऱ्या कंपनीला फोन लावला. आधी गाणं वाजलं, मग एक मुलगी हिंदीत बोलली, मग एक मुलगा इंग्रजीत. शेवटी मराठी बोलणारा कुणीतरी मिळाला.

"मॅडम, डेटा आमच्याकडे नसतो. तो क्लाऊडवर असतो."

"म्हंजे कुठं?"

"क्लाऊड म्हणजे... ढग म्हणा ना."

"ढगबी कुणाच्यातरी शिवारावरच असतोय की. ह्यो कुणाच्या शिवारावर हाय?"

मग तो म्हणाला, "मॅडम, सुरुवातीला तुम्ही सगळ्या अटी मान्य केल्या आहेत. तसं नोंदलेलं आहे इथे."

तिला आठवलं. इंग्रजी मजकुराचं लांबच लांब पान, खाली एक बटण आणि खिडकीबाहेर रांग. बटण दाबल्याशिवाय पावती निघत नव्हती. तिनं दाबलं होतं.

नावं नक्की तिथूनच गेली याचा पुरावा तिच्याकडं नव्हता. रात्री तात्यासाहेबांनी तेच विचारलं, "कशावरनं तितनंच गेलं?" तेव्हा ती म्हणाली, "आक्काचं दोन ठिकाणीच हुतं. माझ्या तोंडात आन् त्या डब्यात. तोंडाची खात्री मला हाय. डब्याची न्हाय. मग डबा बदलायला नगो?"

डबा बदलायचा म्हणताच देणारे पुढं आले. साहेबांच्या विरोधातल्या पॅनेलचा माणूस दुसऱ्याच दिवशी मोटारसायकलवरून आला. "वहिनी, आमच्या दादांचं घ्या की. ह्येच्यापरास मोठी स्क्रीन." तिनं विचारलं, "सुरू केल्यावर कोण दिसतंय?" तो अभिमानानं म्हणाला, "दादा!" तिनं त्याला चहा पाजून वाटेला लावला.

मग संध्याकाळची रांग उरकून ती शहरात, शाहूपुरीत ऋतुराजच्या दुकानी गेली. ऋतुराज कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. बोलताना माणसाकडं न बघता समोर उघडून ठेवलेल्या मशीनकडं बघतो, त्यामुळं गिऱ्हाइकांना वाटतं, हा मशीनशीच बोलतोय. त्यानं आधी सोपा मार्ग सांगितला. एका मोठ्या कंपनीचा तक्ता इंटरनेटवर असतो, फुकट मिळतो, त्यात लिहीत जायचं.

"आन् त्यो तक्ता ऱ्हातोय कुठं?"

"त्यांच्या मशीनवर. अमेरिकेत म्हणा."

"म्हंजे एका साहेबाच्या घरातनं काढायचं आन् दुसऱ्याच्या घरात ठिवायचं. ह्यो तर लांबचा साहेब. ह्येच्या दारात जाऊन भांडताबी यायचं न्हाय."

ऋतुराजनं पहिल्यांदा मान वर केली. "मग वहिनी, तुम्हांला दुसरंच काहीतरी पायजे. चला, दूध पिऊ. दुकानात बसून सांगायची गोष्ट न्हवं ती."

गंगावेशीला दूध कट्ट्यावर, जिथं समोर धार काढून ताजं दूध पेल्यात देतात, रात्रीची गर्दी होती. म्हशी रस्त्याच्या कडेला उभ्या, अंगं धुऊन काळी कुळकुळीत. ऋतुराज सांगत होता. लिनक्स नावाची, कॉम्प्युटर चालवणारी एक व्यवस्था आहे, ती कुणा एका कंपनीची नाही. बेळगावकडच्या चौघांनी तिकडच्या दूध उत्पादकांसाठी तिच्यावर चालणारा एक प्रोग्राम लिहिलाय आणि तो सगळ्यांसाठी मोकळा ठेवलाय. संस्थेचा डेटा संस्थेच्याच मशीनमध्ये राहतो. आणि हे सगळं फुकट...

"थांबा," प्रभावती म्हणाली. "फुकट म्हटलं की आता चार हात लांब ऱ्हाती मी. मागचं फुकटच निस्तराली हाय मी."

"त्ये फुकट हुतं, पर बंद हुतं. ह्ये उघडं हाय. आत काय लिवलंय त्ये कुणालाबी वाचता येतंय. न्हाय पटलं तर बदलता येतंय."

प्रभावती ऐकत होती, पण तिची नजर गवळ्यावर होती. त्यानं धार काढायच्या आधी रिकामी चरवी उचलली, गिऱ्हाइकांसमोर पालथी केली, बुडावर दोन बोटांनी टकटक केलं आणि मग म्हशीखाली धरली. चरवीत आधीपासून पाणी नाही, हे दाखवायची त्याची रीत.

"असं?" तिनं बोट दाखवलं. "चरवी पालथी करून दावायची, मग धार?"

ऋतुराजनं बघितलं आणि हसला. "अगदी असंच."

फेसाळ दुधाचा पेला हातात घेताना तिला आणखी एक गोष्ट दिसली. गवळ्यानं चरवी पालथी केली तेव्हा सात-आठ गिऱ्हाइकं उभी होती. त्यातलं एकही चरवीकडं बघत नव्हतं. सगळी आपापल्या फोनमध्ये. ही गोष्ट तिनं तेव्हा मनात ठेवली आणि कामाच्या गडबडीत विसरली.

संचालकांच्या बैठकीत चेअरमन हंबीरराव आडवे आले. हंबीरराव साहेबांचे जुने माणूस. साहेबांच्या प्रत्येक सभेत पुढच्या रांगेत त्यांचा फेटा.

"साहेबांचा कॉम्प्युटर काढायचा म्हंजे साहेबांलाच काढल्यागत हाय," ते म्हणाले.

"कॉम्प्युटर काढाली न्हाय मी. आतलं बदलाली हाय."

"मग साहेब दिसणार न्हाईत की सुरू केल्यावर!"

"साहेबांचा फोटो भिंतीवर लावू. हार घालू. भिंतीवरचा फोटो ऐकत न्हाय आन् रात्री जेवताना फोनबी करत न्हाय."

ज्ञानू दारात उभा राहून खिदळला. दोन संचालक हसले. त्यातल्या एकाला फोन आला होता, त्याच्या आटलेल्या म्हशीबद्दल साहेबांनी दुःख व्यक्त केलं होतं. "माझी म्हस आटलेली बायकोला म्हायीत व्हायच्या आधी साहेबांला कशी म्हायीत?" असं तो गेले आठ दिवस भेटेल त्याला विचारत होता. त्यानं प्रभावतीच्या बाजूनं हात वर केला.

हंबीररावांनी शेवटी अट घातली. "एक म्हैना बघूया. न्हाय जमलं तर जुनं परत, आन् तुम्ही मोकळ्या."

"चालंल," प्रभावती म्हणाली.

काम वाटलं होतं तेवढं सोपं नव्हतं. फॅटचं मशीन नव्या व्यवस्थेशी बोलेना. ऋतुराज तीनदा वाडीत येऊन गेला, तिसऱ्या वेळी वायर बदलली तेव्हा बोललं. पण त्याला खरी धास्ती वेगळीच होती. प्रोग्राम उघडून तो अपराध्यासारखा म्हणाला, "वहिनी, एक सांगायचं ऱ्हायलं. ह्ये सगळं कन्नडमधी हाय."

प्रभावती स्क्रीनकडं बघून मोठ्यानं हसली. 'हालु' म्हणजे दूध. 'एम्मे' म्हणजे म्हैस. 'आकळू' म्हणजे गाय. तिची आई गोठ्यात ज्या शब्दांनी जनावरांना हाका मारायची, ते शब्द कॉम्प्युटरवर ओळीनं उभे होते. ज्या भाषेवरून या गावानं तिची टर उडवली होती, ती आता कामाला आली. दुपारी रांग नसायची तेव्हा ती एकेका शब्दापुढं मराठी शब्द सांगत गेली आणि ऋतुराज टाइप करत गेला. 'फॅट' तशीच ठेवली. "स्निग्धांश म्हटलं तर ज्ञानू म्हशीलाच दवाखान्यात न्हील," ती म्हणाली. ते शब्द ऋतुराजनं बेळगावला पाठवले. तिकडून उत्तर आलं, की मराठी पानाखाली कुणाचं नाव घालायचं? तिनं आधी तात्यासाहेबांचं सांगितलं. मग थोड्या वेळानं परत फोन केला आणि स्वतःचं सांगितलं.

आणि मग तिनं चूक केली.

चरवी तिच्या डोक्यात इतकी भिनली होती, की पहिल्या दिवशी तिनं कॉम्प्युटरचा पडदाच फिरवून खिडकीकडं, रांगेकडं तोंड करून ठेवला. अक्षरं मोठी करून घेतली. किती दूध, किती फॅट, कुणाचं नाव, सगळ्यांना दिसलं पाहिजे. लपवायचं काही नाही. सकाळची रांग खूश झाली. ज्ञानूनं पोरांना उचलून उचलून दाखवलं. "बघा, माझं नाव टीव्हीवर!" प्रभावतीचं ऊर भरून आलं. तिला वाटलं, आक्कापर्यंत ही बातमी गेली की झालं.

संध्याकाळी रांग लहान होती. पुढं एक बाई, हातात घरची किटली, पदराखाली तांब्या. ती चिमणाबाई. हंबीररावांची बायको. तिचा दुसरा नंबरही माहेरच्या नावाचा. त्या खात्याला फोन नंबर तिच्या भावाचा होता, म्हणून तिच्या घरी साहेबांचा आवाज आला नव्हता. प्रभावतीनं मान वर न करता, रोजच्या सवयीनं, माप घेतलं, नंबर दाबला. आणि त्याच क्षणी तिच्या लक्षात आलं, की पडद्याचं तोंड बाहेर आहे.

चिमणाबाईच्या मागं तीन माणसं सोडून हंबीरराव उभे होते. नवं काय चाललंय ते बघायला आले होते. ते खिशात चष्मा चाचपत होते. पडद्यावर हाताएवढ्या अक्षरांत चिमणाबाईचं माहेरचं नाव उमटलं होतं.

प्रभावती उठली, खुर्ची मागं पडली, आणि तिनं खांद्यावरचा पदर काढून पडद्यावर टाकला.

"काय झालं वो?" हंबीररावांनी चष्मा डोळ्यांवर चढवत विचारलं.

"धूळ बसालीय," प्रभावती म्हणाली.

"नव्या कॉम्प्युटरला?"

"जुनाच हाय की त्यो. साहेबांचा."

ती तशीच उभी राहिली, पदराचं टोक पडद्यावर दाबून धरून. एका हातानं पावती फाडली, घडी केली आणि तांब्यात टाकली. चिमणाबाईनं पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत बघितलं. तांब्या पदराखाली घेऊन ती निघून गेली. हंबीरराव म्हणाले, "ऊन-धूळ लागतीया, एक कव्हर शिवून घ्या. संस्थेच्या खर्चातनं."

रांग संपल्यावर प्रभावती खुर्ची उचलून बसली आणि बराच वेळ उठली नाही. तिला स्वतःचाच राग आला होता. साहेबांनी आक्काचं नाव एका घरात फोडलं. ती तर अख्ख्या रांगेत फोडायला निघाली होती, आणि तेही प्रामाणिकपणाच्या भरात. गवळी चरवी पालथी करून दाखवतो. पण दूध कुणाच्या घरी जातंय, हे काय तो ओरडून सांगतो का?

तिनं ऋतुराजला फोन लावला. "पडद्यावर नाव दिसाय नगो. नुसता नंबर, माप, फॅट. आन् पावतीवरबी नाव नगो. हुतंय का?"

"हुतंय की. उघडंच हाय त्ये. उद्या दुपारी करतो."

"आन् फोन नंबर कुठं भरायचा असतोय, ती जागाच काढून टाका."

"वहिनी, मग मेसेज जायचे न्हाईत लोकांला."

"पावती मिळतीय की. गाव केवढं हाय? मी हाक मारली तर वड्यापर्यंत ऐकू जातंय."

ऋतुराजनं दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर बसून बदल केला. एक दुपार गेली. जुन्या प्रोग्रामात पावतीवरचे साहेब नुसते बारीक करायचे म्हटले, तरी कंपनी म्हणाली होती, अशी सोय नाही. जाताना ऋतुराजनं नेटची वायर भिंतीतून काढली, गुंडाळली आणि तिच्या हातात दिली. तिनं ती साहेबांच्या फोटोमागच्या खिळ्याला अडकवली.

पदराची गोष्ट चिमणाबाईनं कुणाला सांगितली नसेल असं प्रभावतीला वाटलं होतं. पण तिनं ती एकाच घरी, गल्लीच्या टोकाला सांगितली. दोन दिवसांनी सकाळी रांगेत चुळबुळ झाली आणि माणसं बाजूला सरली. पुढं आक्का उभी होती. एका हातात किटली. दुसरा हात पदराखाली.

किटली तिनं काट्यावर ठेवली नाही. आधी पडद्याकडं बघितलं. मग भिंतीवरच्या साहेबांकडं बघितलं.

"ह्यो हितं कशाला?"

"त्यो नुसता फोटो हाय आक्का."

"तेवढाच बरा." मग ती मुद्द्यावर आली. "चिमणी म्हणाली, ह्ये नवं उघडं असतंय. आत काय चाललंय त्ये कुणीबी वाचावं."

"व्हय."

"तू वाचलंयस?"

मागं रांग होती. ज्ञानू कान टवकारून उभा होता. 'व्हय' म्हटलं असतं तर आक्कानं किटली ठेवली असती, आणि खरंखोटं करायला कुणी आलंही नसतं.

"न्हाय आक्का," ती म्हणाली. "मला त्ये वाचाय येत न्हाय. नावं काढली तेवढं मी बघिटलं. बाकीचं न्हाय."

"त्यो शाहूपुरीचा?"

"थोडं वाचलंय म्हणाला. लई मोठं हाय म्हणाला."

"मग वाचलंय कुणी?"

"ज्येनी लिवलं, त्येनी."

"लिवणारा तर वाचणारच की. मी तुला आंधळी दिसाली व्हय?" आक्कानं तिच्याकडं रोखून बघितलं. मागून ज्ञानू म्हणाला, "आक्का, दूध नासंल." आक्कानं मान न वळवता उत्तर दिलं, "तुझं तोंड नासलंय त्ये आधी बघ." मग तिनं किटली उचलून काट्यावर ओतली. "ह्ये घरचं. ह्ये आजपासनं हितं. लेकाला सांगती मी. 'न्हाय' म्हणून खरं बोललीस तू, म्हणून."

प्रभावतीनं माप घेतलं. नंबर उमटला. नाव उमटलं नाही. फॅट चांगली लागली. पावती घेताना आक्काचा दुसरा हात पदराबाहेर आला. हातात तांब्या होता, एरवी संध्याकाळी यायचा तो, भरलेला. आक्कानं तो खिडकीच्या फळीपर्यंत आणला आणि परत मागं घेतला.

"ह्यो न्हाय. कुणीतरी वाचलंय म्हणून सांगशील, मग ह्यो."

आणि ती तांब्या तसाच भरलेला घेऊन परत गेली.

महिना पुरा झाला. हंबीररावांनी अटीचा विषय काढला नाही. चिमणाबाई त्या दिवशी घरी काय म्हणाली कुणास ठाऊक, पण ते म्हणाले, "चाललंय तर चालू दे." शेजारच्या दोन संस्थांचे सेक्रेटरी येऊन बघून गेले. प्रभावतीनं त्यांना सगळं दाखवलं. पडदा कसा ठेवायचा नाही, हे आधी दाखवलं. रांग संपली की ती आता प्रोग्रामची पानं उघडून बसते. ऋतुराजनं तिला पहिल्या काही ओळी समजावल्यात. त्यापुढचं जंगल आहे. पण रोज थोडं तोडायचं, असं तिनं ठरवलंय. बेळगावच्या चौघांना तिनं कन्नडमध्ये निरोप पाठवला, की हे तुमच्याशिवाय कुणी पुरतं वाचलंय का? त्यांचं उत्तर प्रामाणिक होतं. 'अव्वा', म्हणजे आई, अशी हाक मारून त्यांनी लिहिलं, हे आम्हांला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

परवा ती कामासाठी शहरात गेली आणि परत येताना मुद्दाम गंगावेशीला थांबली. गवळ्यानं चरवी पालथी केली, टकटक केलं. या वेळी ती एकटी बघत होती. गवळ्यानं ते बघितलं आणि तिच्यासाठी चरवी जरा जास्त वेळ पालथी धरली.

तिथूनच तिनं ऋतुराजला फोन लावला. तो दुकानात कुठल्यातरी मशीनवर वाकलेला असणार. म्हशींचा, गाड्यांचा गोंगाट होता, म्हणून ती वाडीतल्या ओढ्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"ऋतुराज, चरवी पालथी करून दावणारी माणसं गावली आपल्याला. ती बघायचं काम आता कुणी करायचं?"